एकतीस नंबर

पूर ओसरून सव्वा महिना झाला होता, तरी मुसीकाठचं गवत अजून उठून उभं राहिलं नव्हतं. पाण्यानं जसं निजवलं तसं ते निजून होतं. वर गाळाचा पापुद्रा, त्यात अडकलेल्या पिशव्या, चिंध्या, गणपतीच्या मखरातलं थर्माकोल. भामा गुडघाभर काळ्या पाण्यात वाकून उभी होती. डाव्या हातानं मूठभर गवत वर ओढायचं, झटकायचं, मग विळा घालायचा. पुराआधी एका वाकण्यात पेंढी व्हायची. आता तीनदा वाकावं लागत होतं, आणि घरी नेऊन दोन पाण्यांनी धुतल्याशिवाय म्हशी त्याला तोंड लावत नव्हत्या. घरून निघताना पोटऱ्यांना चोळलेलं खोबरेल तेल केव्हाच उतरलं होतं. खाज सुटली होती, पण खाजवलं की फोड येतात म्हणून ती एका पायानं दुसरा पाय घासत होती.

बांधावर तिचा नवरा अंबाजी पेंढ्या गाडीला बांधत होता. त्याचा आजा निजामाच्या अमदानीत देगलूरकडून दोन म्हशी हाकत हैदराबादला आला, अंबरपेठेत राहिला. तेव्हापासून घरात म्हशी आणि नदीकाठी भाड्याचा गवताचा पट्टा, हेच चालत आलं होतं.

फोन वाजला. अंबाजीनं हात धोतराला पुसून तो डोळ्यांजवळ धरला. पाचवीपर्यंतच्या तेलुगूवर तो एकेक अक्षर जुळवत राहिला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

"काय आलं?" भामानं पाण्यातूनच विचारलं.

"तिरू पंधरा दिस शाळेला गेली नाही म्हणलाले."

"कोण म्हणलाले?"

"शाळा म्हणलाली. हजेरी कमी पडली तर दहावीचा फारम भरू देत नाहीत म्हणे."

भामाचा विळा हातातच राहिला. आज सकाळीच तिनं त्रिवेणीच्या दोन वेण्या घातल्या होत्या, डबा भरला होता, आणि पोरगी निळा ड्रेस घालून पुलापलीकडं मलकपेठेच्या शाळेला गेली होती. काल गेली होती, परवाही गेली होती. दसऱ्याच्या सुट्टीनंतर एक दिवस चुकली नव्हती. मग रोज वेणी घालून जाणारी ही पोरगी जात होती कुठं?

साडेचारला त्रिवेणी घरी आली तेव्हा अंबाजी गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं विचारलं, कुठं होतीस. ती म्हणाली, शाळेत. त्यानं फोन तिच्यासमोर धरला. तिनं वाचलं आणि खाली पाहिलं. त्यानं पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं, आईची शपथ घालून विचारलं. पोरगी भिंतीला लागून उभी, ओठ आत ओढून घेतलेले. अंबाजीचा हात वर गेला. पोरीवर त्यानं कधी हात टाकला नव्हता. तो हात शेवटी शेजारच्या म्हशीच्या पाठीवर बसला. म्हैस दचकून बाजूला झाली आणि धारेसाठी मांडलेली बादली लवंडली.

त्रिवेणीनं दप्तर ठेवलं, बादली उचलून धुतली आणि धारेला बसली.

भामा चुलीपाशी बसून तिच्याकडं बघत राहिली. पुरानंतर या पोरीचं एक निराळंच झालं होतं. हाक मारली की ओ देत नसे. "तिरू" म्हणून दोनदा हाक मारावी, घरात सामसूम. वळून बघावं तर पोरगी पाठीमागं येऊन उभी. कधी आली, कळायचं नाही. काम सांगितलं की करायची, पण ओ नाही. पहिल्यांदा भामाला राग आला, मग भीती वाटू लागली. गल्लीच्या तोंडावरची लक्ष्मीअक्का तर सरळ म्हणाली होती, की पाण्यात गेलेलं पोर सोबतीच्या पोरांना हाका मारतं. जो ओ देतो त्याला नेतं. तुझी पोर शहाणी, ओ देत नाही.

पाण्यात गेलेलं पोर म्हणजे सावित्रीबाईचा युवराज. मागच्या गल्लीत घर. दोघांनी एकाच दिवशी त्या शाळेत नाव घातलं होतं. भामा आणि सावित्रीबाई एकाच रांगेत उभ्या होत्या, फोटो चिकटवायला एकाच बाटलीतला डिंक वापरला होता. पुराच्या सकाळी पोरगा शाळेला म्हणून निघाला आणि खालच्या पुलावरून गेला. वरच्या तलावाचे दरवाजे रात्रीच सोडले होते. पोलिसांनी पुलाला दोऱ्या बांधल्या, पण त्या तो गेल्यानंतर. तिसऱ्या दिवशी खाली गवतात सापडला, भामाच्या पट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून त्या बाजूचं गवत कुणी कापलं नव्हतं.

लक्ष्मीअक्काचं ऐकून भामानं त्रिवेणीच्या दंडात काळा दोरा बांधला होता, लिंबू उतरून टाकलं होतं. आता तिला वाटू लागलं, की पोरगी शाळेच्या नावानं निघून नदीवर तर जात नसेल?

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. दोनदा साबण लावून पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसली. तरी ऑफिसच्या बाकावर टेकली तशी शेजारी बसलेल्या बाईनं पदर नाकाशी नेला. भामानं पाय बाकाखाली ओढून घेतले आणि तासभर तशीच बसली.

वर्गाच्या श्रुती मॅडम वयानं लहान होत्या. घाईत आल्या, हातात हजेरीपट उघडाच. भामाला आकडे तेवढे कळत होते. मॅडमनी बोट ठेवलेल्या ओळीत एकसारखं एकच अक्षर पंधरा वेळा लिहिलं होतं.

"मग माझी पोर जाती कुठं, मॅडम?" भामानं विचारलं.

हिंदी, तेलुगू, थोडं मराठी मिसळून त्यांनी सांगितलं ते असं. त्रिवेणी रोज येते. तिसऱ्या बाकावर बसते, लिहिते. पण हजेरीला नंबर पुकारला की बोलत नाही. सगळे म्हणतात प्रेझेंट मॅडम, ही गप्प. एवढी हुशार, वर्गाची लीडर, आणि असा हट्ट. चार दिवस त्यांनी वाट पाहिली. मग सगळ्या वर्गासमोर तिला सांगितलं, की तोंड नसेल तर तू आली नाहीस असंच मी लिहिणार.

भामाचा जीव आधी भांड्यात पडला. पोर नदीवर जात नव्हती. आणि मग तिला कळेना, की घरी ओ नाही, इथं ओ नाही, पोरीला झालंय तरी काय. ती एवढंच म्हणाली, "पुराआधी बोलत होती की हो ती."

पलीकडं टेबलाशी वह्या तपासत बसलेले हिंमतराव सर वर बघू लागले. बिदरकडचे, हिंदी शिकवायचे, निवृत्तीला सहा महिने उरलेले. हातात खडू नसला तरी बोटं खडू धरल्यासारखी ठेवायची त्यांची सवय होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, हिचा नंबर काय आता?"

"थर्टी वन, सर."

"आता एकतीस. पुराआधी?"

"बत्तीस असेल. सुट्टीनंतर ऑफिसनं नवा पट करून दिला ना. एक नाव कमी झालं, म्हणून खालचे सगळे एकेक वर…"

श्रुती मॅडमचं बोट हजेरीपटावर जिथं होतं तिथंच राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी ते उचललं आणि पट मिटला. रोज सकाळी आपण त्या पोरीला कुणाच्या नंबरानं पुकारतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ऑफिसच्याही आलं नव्हतं. पुरानंतर शाळेनं बाहेरून एक समुपदेशक बाई बोलावल्या होत्या. त्यांनी मुलांना कागदावर आपल्या मनाचा चेहरा काढायला सांगितला, खोल श्वास घ्यायला शिकवलं, आणि त्या गेल्या. युवराजचं नाव कुणी काढलं नाही. काढू नका, मुलं घाबरतील, असं वरून सांगणं होतं. त्याचा बाक वऱ्हांड्यात नेऊन ठेवला होता, त्यावर आता प्यायच्या पाण्याचा कॅन होता.

मॅडम म्हणाल्या, मी आजच जुने नंबर करून घेते. हिंमतराव सर भामाला जिन्यापर्यंत सोडायला आले.

"भामाबाई, नंबर मागं दिला की हजेरी लागंल. पण त्या नंबराला ओ देऊ नये असं तिला कामून वाटलं, ते तिच्या पोटात हाय. ते विचारून निघत नाही. चाळीस वर्षं झाली मला, विचारलं की पोरं खोटं तरी बोलतात नाही तर गप्प बसतात. तुम्ही काय काम करता?"

"गवत कापताव."

"मग तिला संगं न्या. समोर बसवू नका. बाजूला उभी करा. हात गुंतले की मूल बोलतं. आणि बोललं की लगेच काही म्हणू नका."

भामाला ते पटलं नाही. पोरीचा पाय त्या पाण्यात पडू द्यायचा नाही, अशी तिनं पोर झाली तेव्हाच गाठ मारली होती. स्वतःच्या फोडांकडं बघून मारली होती. तरी रविवारी तिनं दुसरा विळा काढला, त्रिवेणीच्या पोटऱ्यांना आपल्या हातानं तेल चोळलं. अंबाजीनं विळा परजून दिला.

त्रिवेणीला विळा धरता येत नव्हता. मुठीत गवत कमी, चिखल जास्त. भामानं एकदा दाखवलं आणि आपल्या ओळीला लागली. पाण्याला वास होता, वर फेस तरंगत होता. ऊन पाठीवर चढलं. दोघी शेजारी शेजारी कापत राहिल्या. पेंढ्या बांधावर पडत गेल्या, भामाच्या सारख्या, पोरीच्या वेड्यावाकड्या. पोरीच्या हाताला पात्याची धार लागली, तिनं बोट तोंडात घातलं आणि भामानं "थू कर, थू कर, ते पाणी हाय" म्हणून ते बाहेर काढलं. पुन्हा कापू लागल्या.

कापता कापता त्या कुणी न कापलेल्या बाजूला आल्या. तिथं त्रिवेणी थांबली.

"माय, त्याला आम्ही बायकॉट केलेलं."

भामाच्या तोंडाशी प्रश्न आला. तो तिनं गिळला आणि मूठभर गवत ओढलं.

पोरगीही वाकली. कापत, न बघता ती बोलत राहिली. गणिताच्या टेस्टचा पेपर आधल्या दिवशीच कुणाच्या तरी फोनवर आला होता. सगळ्यांनी तो पाहिला. युवराजनं मॅडमला सांगितलं. टेस्ट पुन्हा झाली, अर्धा वर्ग नापास. मग ठरलं, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. लीडर म्हणून त्रिवेणीनं ठरवलं. ती वर्गाच्या फोनवरच्या ग्रुपची मुख्य, तिनंच त्याला ग्रुपमधून काढलं. अकरा दिवस कुणी बोललं नाही. डब्याला कुणी बसेना. दिवसभरात त्याच्या तोंडून दोनच शब्द यायचे. सकाळी मॅडम एकतीस म्हणायच्या, तो म्हणायचा प्रेझेंट मॅडम. मग घरी जाईपर्यंत काही नाही.

"आता मॅडम एकतीस म्हणाल्या की मला तोच ऐकू येतो. त्याची जागा कशी घेऊ मी? ते दोनच शब्द होते त्याच्याजवळ. घरी तू हाक मारलीस तरी तेच आठवतं, ओ निघत नाही."

भामा कापत राहिली. तिला वाटलं, संपलं.

"पुराच्या सकाळी मी ग्रुपवर मेसेज टाकला. गेट खोललेत, खालच्या पुलावरून कुणी येऊ नका, गोलनाक्याकडून या. मीच टाकला, माय. सगळ्यांना गेला."

विळा भामाच्या हातून पाण्यात पडला. तो शोधायला ती वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. हाताला गाळ लागत होता, मुळं लागत होती, विळा लागत नव्हता. उठली तेव्हा तिनं चारी बाजूंना पाहिलं. लांब बांधावर अंबाजी होता, पलीकडच्या पट्ट्यात दोन बायका. कुणी ऐकण्याजोगं नव्हतं.

"कुणापाशी बोलू नको," ती म्हणाली. "ऐकलीस? जे झालं ते झालं. कुणापाशी बोलायचं नाही."

त्रिवेणीनं तिच्याकडं पाहिलं. मग ओठ आत ओढून घेतले आणि कापायला वाकली. दिवस मावळेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

सोमवारी सकाळी भामा दूध घालायला निघाली. सावित्रीबाईच्या दारात रोजच्यासारखी थांबली. आत शिलाईचं मशीन चालू होतं. नवरा लॉरीवर असायचा, महिन्याला एकदा यायचा. सावित्रीबाई साड्यांना फॉल लावायची. पातेलं घेऊन ती बाहेर आली. रोज भामा दूध ओतताना तिच्या तोंडाकडं बघायची, बरी हाईस का म्हणायची. आज तिला बघवेना. माप पातेल्याच्या काठाला लागलं, दूध उंबऱ्यावर सांडलं. सावित्रीबाईनं फडकं आणून पुसलं आणि म्हणाली, "बाई, तुझं अंग गरम हाय का? पोरगी कशी हाय तुझी? दिसली नाही लई दिसांत. युवराज तिचं लई नाव घ्यायचा."

भामा पुढच्या घरी गेली नाही. दुधाचा कॅन तसाच घेऊन परत आली. त्रिवेणी आरशासमोर उभी होती, वेणी घालून घ्यायला थांबली होती. भामा तिच्या मागं बसली, केस हातात घेतले. भांग सरळ येईना.

"काल मी चुकीचं बोलले," ती पोरीच्या केसांत बघत म्हणाली. "चल, सांगू तिला. मी हाय संगं."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर भामा फाटकाशी थांबली. हिंमतराव सरांना गाठून तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, सांगावं का. सरांनी खडू नसलेली बोटं चोळली. मग म्हणाले, मीही येतो. मी अकरा दिवस त्या वर्गात कबीराचे दोहे शिकवत होतो. एका पोराशी कुणी बोलत नाही, हे मला दिसलं नाही. तेही सांगायला पाहिजे कुणीतरी.

सावित्रीबाईच्या घरात तिघं गेले तेव्हा उन्हं दारात होती. त्रिवेणी जमिनीवर बसली. सर खुर्चीवर बसले नाहीत, तेही खाली बसले. पोरीनं सुरुवातीपासून सांगितलं. मेसेजचं सांगताना तिनं भामाकडं पाहिलं नाही, सावित्रीबाईकडं पाहिलं. मग सरांनी आपलं सांगितलं.

सावित्रीबाईच्या मांडीवर कुणाची तरी जांभळी साडी होती, सुई अर्ध्यात अडकलेली. तिनं सुई काढून चोळीच्या बाहीला टोचली, दोरा गुंडाळला. भामाला वाटलं, आता ही उठेल आणि पोरीच्या झिंज्या धरेल. धरल्या तर धरू द्यायच्या, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"अकरा दिस," सावित्रीबाई म्हणाली. "रोज येऊन सांगायचा मला. आज दोस्त असं म्हणले, आज डब्यात कुणाची भाजी खाल्ली, आज तिरूनं गणित दाखवलं. रोज. मी हसायची."

बाहेर कुणी स्कूटर चालू केली, ती दूर गेली.

"सगळं खोटं होतं तर. मग खरं काय ते तुम्हालाच ठावूक." तिनं त्रिवेणीकडं पाहिलं. "ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्यावर माणूस नजर ठेवून असतं. तू बघत होतीस ना त्याला?"

त्रिवेणीनं मान डोलावली.

"तर सांग. पहिला दिस सांग. कुठं बसला, काय खाल्लं, घंटा झाल्यावर काय केलं. मला माझं पोर पाहिजे. माफी नक्को."

त्रिवेणीनं सांगितलं. पहिल्या दिवशी त्याला कळलंच नाही. तो नेहमीसारखा डबा घेऊन आला तर सगळे उठले. तो हसला, त्याला गंमत वाटली. मग एकटाच बसून त्यानं पोळी गुंडाळून खाल्ली, आणि उरलेली भाजी झाकण लावून ठेवली, कुणी मागेल म्हणून. पावणेसहा वाजले तशी सावित्रीबाई उठली. आजचं बस झालं, म्हणाली. उद्या दुसरा दिस सांग.

असं ते सुरू झालं. रोज शाळा सुटली की त्रिवेणी तिथं जायची आणि भामा पायरीवर बसून राहायची, गवताच्या वासाचे पाय खाली सोडून. शाळेत काही एकदम बदललं नाही. जुना नंबर परत आला, पण त्रिवेणीच्या तोंडून आवाज निघेना. श्रुती मॅडम आता तिच्याकडं बघून खूण करत आणि पुढं जात. एकतीस म्हणून त्या थांबत, पुढं बत्तीस म्हणत. हिंमतराव सरांनी हिंदीच्या तासाला पुस्तक मिटून वर्गाला स्वतःची चूक सांगितली. मुलं खाली माना घालून बसली. मॅडमनी वऱ्हांड्यातल्या बाकावरचा पाण्याचा कॅन उतरवून घेतला. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे सगळं आता उकरून कशाला काढता, दहावीचं वर्ष आहे.

चौथ्या दिवशी सावित्रीबाईच्या दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. चष्मेवाला, चिन्मय नाव. वडील कसल्या तरी कंपनीत कॉम्प्युटरवर होते, पुण्याहून आलेले. तिरू रोज इथं येऊन सांगते, हे त्याला वर्गात कळलं होतं. तो म्हणाला, आंटी, मेरेको पण एक पता आहे, तिरूला माहीत नाही. लायब्ररीत युवराजनं चित्र काढलं होतं, ते मी बघितलं. सावित्रीबाईनं त्याला आत घेतलं. सहाव्या दिवशी तिघं आले. मग बाजूच्या बाकावरच्या दोघी. ज्यानं जे पाहिलं होतं ते तो सांगायचा. कुणी म्हणायचं अंगठा दुखत होता त्याचा, कुणी म्हणायचं नाही, तो दिवस निराळा. भांडायची सुद्धा. सावित्रीबाई मशीन बंद करून ऐकायची. कधी मध्येच विचारायची, रेनकोट घातला होता का. कधी उठून मोरीत जायची आणि तोंड धुऊन यायची. कुणालाही तिनं चहा दिला नाही. त्यांच्यातल्या एका पोरीला रडू फुटलं तेव्हा तिनं तिला जवळ घेतलं नाही. रडून घे, मग सांग, एवढंच म्हणाली.

अकराव्या दिवशी पायरीवर भामाला बसायला जागा नव्हती. चपला, बूट, दप्तरं पसरली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आत त्रिवेणी सांगत होती. शेवटच्या तासाला पाऊस होता. त्यानं वहीला प्लास्टिक घातलं. घंटा झाली, सगळ्यांना पुढं जाऊ दिलं आणि मग निघाला. आम्ही पुलावर होतो, तो लांब मागं होता. मी एकदा वळून बघितलं. त्यानं हात वर केला. मी बघितलं नाही असं केलं.

"झालं," त्रिवेणी म्हणाली. "मला एवढंच ठावूक हाय, मावशी."

चिन्मयनं चष्मा काढून शर्टाला पुसला. सावित्रीबाई उठली. भामाला वाटलं, आता ही रोजच्यासारखी बस झालं म्हणेल आणि पोरं जातील. पण तिनं दिवा लावला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मशीनचं स्टूल सोडून पोरांमध्ये खाली येऊन बसली.

"बारावा दिस तुमच्यापाशी नाही," ती म्हणाली. "तो माझ्यापाशी हाय. सकाळी सहाला उठला. मी म्हणलं इतक्या लवकर कामून, तर म्हणला, सगळे वाट बघतेत, माय…"